लॅपटॉपवर बिल करताना उडी मारणारा कर्सर

तारापूर औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्याचे ऑफिस म्हणजे बहुधा गाळ्याच्या दाराजवळची काचेची खोली, एक टेबल, एक प्रिंटर आणि एक लॅपटॉप. पूर्वी याच टेबलावर बिलबुक आणि कार्बन पेपर असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल सक्तीचे झाले आणि बिलबुकाची जागा कायमची लॅपटॉपने घेतली. आता टेम्पो गेटबाहेर पडण्याआधी पडद्यावरचे काही रकाने भरावेच लागतात, आणि ते भरणारा माणूस बहुतेक वेळा घाईत असतो. ड्रायव्हर दारात उभा असतो, फोन वाजत असतो.

या कामात एक तक्रार सर्रास ऐकू येते. “टाइप करता करता कर्सर आपोआप भलतीकडे जातो.” कोणी म्हणतो मशीनमध्ये व्हायरस शिरला, कोणी विजेच्या दाबाला दोष देतो, कोणी नवीन लॅपटॉप घेण्याच्या गोष्टी करतो. खरे कारण बहुतेक वेळा हाताखालीच असते. कीबोर्डच्या पुढे जी गुळगुळीत चौकोनी पट्टी असते, जिला टचपॅड म्हणतात, तिला टाइप करताना तळहाताचा किंवा अंगठ्याचा स्पर्श होतो. मशीनला वाटते मालकाने बोट लावले. ते कर्सर उचलून तिकडे नेते आणि पुढची अक्षरे तिथे उमटू लागतात.

पत्र लिहिताना असे झाले तर एखादा शब्द चुकेल, तो दुरुस्त करता येतो. बिलात झाले तर काय होते, याचे एक उदाहरण घेऊ.

समजा, बोईसरच्या एका रसायनाच्या कारखान्यातून वापीच्या पार्टीला ४० ड्रम माल जायचा आहे. प्रत्येक ड्रममध्ये ५० किलो, म्हणजे एकूण २००० किलो. दर किलोला २४० रुपये. मालाची किंमत ४,८०,००० रुपये. बिल करणाऱ्याने वजनाच्या रकान्यात २००० लिहायला घेतले. २०० लिहून झाले आणि त्याच क्षणी उजव्या तळहाताची कड टचपॅडला लागली. कर्सर शेजारच्या दराच्या रकान्यात, आधीच लिहिलेल्या २४० च्या शेवटी जाऊन बसला. राहिलेले शून्य तिथे पडले. आता बिलावर वजन २०० किलो आणि दर २४०० रुपये. गुणाकार करून पाहा: ४,८०,०००. एकूण रक्कम बरोबर, कर बरोबर, अक्षरी रक्कमही बरोबर! खालची बेरीज पाहून सही करण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्या नजरेतून ही चूक सहज निसटेल. ई-वे बिल याच बिलावरून निघते, म्हणून त्यातही २०० किलोच येणार.

टेम्पो चिल्हार फाट्याला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चढला. जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले, तरी फिरत्या पथकांची तपासणी चालूच आहे. अधिकाऱ्याने कागद पाहिले तर कागदावर २०० किलो आणि गाडीत ४० भरलेले ड्रम. त्याच्या दृष्टीने १८०० किलो माल बिलाशिवाय चालला आहे. बिलावरच्याच दराने त्या जादा मालाची किंमत काढायची म्हटले तर ती ४३,२०,००० रुपये होते. १८ टक्के दराने कर ७,७७,६०० रुपये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मालक स्वतः पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे १५,५५,२०० रुपये. हा आकडा प्रत्यक्षात भरावा लागेलच असे नाही. खुलासा करता येतो, खरेदीची ऑर्डर आणि वजनकाट्याची पावती दाखवता येते, तारण देऊन माल सोडवताही येतो. पण माल अडकल्यापासून नोटीस देण्यास अधिकाऱ्याला सात दिवस आणि नोटिशीनंतर आदेश काढण्यास आणखी सात दिवस कायद्यानेच दिलेले आहेत. तोपर्यंत टेम्पोचे भाडे, पार्टीचा संताप आणि वकिलाची फी यांचा हिशेब वेगळा.

कोणती चूक किरकोळ?

व्यापाऱ्यांमध्ये एक समजूत अशी आहे की टायपिंगची चूक दाखवून दिली की हजार रुपयांत प्रकरण मिटते. ही समजूत अर्धीच खरी आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १४ सप्टेंबर २०१८ रोजी ६४ क्रमांकाचे परिपत्रक काढले. काही ठरावीक चुकांसाठी कलम १२९ ची कारवाई करू नये, केंद्राच्या कायद्याखाली ५०० आणि राज्याच्या कायद्याखाली ५०० असा दंड घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. आंतरराज्य मालाला तोच दंड एकत्रित १००० रुपये. त्या चुका कोणत्या, हे नीट वाचले पाहिजे. माल पाठवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या नावातील शुद्धलेखन चुकले, पण जीएसटी क्रमांक बरोबर आहे. पिनकोड चुकला, पण पत्ता बरोबर आहे आणि त्या चुकीमुळे ई-वे बिलाची मुदत वाढलेली नाही. घेणाऱ्याच्या पत्त्यात चूक आहे, पण वस्ती व बाकीचा तपशील जुळतो. बिलाच्या क्रमांकातील एखाददुसरा आकडा चुकला. एचएसएन कोडमधील पहिले दोन आकडे व कराचा दर बरोबर असून पुढचे आकडे चुकले. गाडीच्या क्रमांकातील एखाददुसरे अक्षर किंवा आकडा चुकला. या यादीत वजन, नग आणि किंमत यांचा उल्लेख नाही. वरच्या उदाहरणातले एक शून्य यादीबाहेरचे आहे.

पिनकोडची अट विशेष लक्षात ठेवावी. पोर्टल दोन्ही टोकांच्या पिनकोडवरून अंतर काढते आणि अंतरावरून मुदत ठरते. दर २०० किलोमीटरला एक दिवस, हा हिशेब १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. बोईसरहून वापीचे अंतर २०० किलोमीटरच्या आतले, म्हणजे मुदत एकच दिवस. पिनकोडमध्ये आकडा चुकून अंतर भलतेच मोठे निघाले आणि मुदत दोन-तीन दिवसांची झाली, तर किरकोळ चुकीची सवलत हातातून जाते.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. पालघरहून भिवंडीला किंवा वसईला माल पाठवायचा तर महाराष्ट्रात एक लाख रुपयांपर्यंत ई-वे बिलाची गरज नाही. राज्याबाहेर मात्र मर्यादा ५० हजारांची आहे, आणि जॉबवर्कसाठी मूळ मालकाने दुसऱ्या राज्यात पाठवलेल्या मालाला किमतीची मर्यादाच नाही. पाच हजारांचा माल असला तरी ई-वे बिल हवे. तारापूर ते उंबरगाव-वापी असा जॉबवर्कचा माल नेहमी पाठवणाऱ्यांनी लहान चलनही तितक्याच काळजीने टाइप केले पाहिजे.

पट्टी हाताखाली आली कशी?

जुन्या टाइपरायटरला हात टेकायला जागाच नव्हती. टंकलेखन संस्थांमध्ये शिकवणारे मनगट अधांतरी ठेवायला लावत आणि मनगट खाली टेकले की रागवत. सुरुवातीच्या लॅपटॉपमध्येही कीबोर्ड पुढच्या कडेलाच असे. ऑक्टोबर १९९१ मध्ये अ‍ॅपल कंपनीने पॉवरबुक मालिका आणली. त्यात कीबोर्ड मागे, पडद्याकडे सरकवला, पुढे हात टेकायला जागा केली आणि मधोमध फिरणारा गोळा बसवला. बसणाऱ्याला ही मांडणी आरामाची वाटली आणि पुढे इतर कंपन्यांनीही ती उचलली. गोळा फिरवायला थोडा जोर लागे, त्यामुळे तळहात लागला तरी सहसा बिघडत नसे. १९९४ मध्ये पॉवरबुक ५०० मालिकेत गोळ्याच्या जागी टचपॅड आले. त्याला जोर लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. हात टेकण्याची जागा आणि स्पर्श ओळखणारी जागा एकमेकींना चिकटली, तिथून ही अडचण सुरू झाली. पुढे पट्टी वर्षागणिक मोठी होत गेली आणि अडचणही वाढली. आयबीएमने १९९२ च्या थिंकपॅडमध्ये कीबोर्डच्या मध्यभागी लहान लाल बोंडी बसवली होती. ती थिंकपॅडवर अजून मिळते, आणि तिला तळहात लागण्याचा प्रश्नच येत नाही. टाइपिंगचे काम जास्त असणाऱ्यांनी लॅपटॉप घेताना तिचा जरूर विचार करावा, असे आमचे मत आहे.

टचपॅडला दाब कळत नाही, वीज कळते. पट्टीच्या पृष्ठभागाखाली बारीक विद्युतवाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, थोडी बदलते. हा बदल कोठे झाला ते मशीन सेकंदाला अनेक वेळा मोजते आणि बोटाची जागा ठरवते. शरीराचा कोणताही भाग वीज वाहतो, म्हणून तळहात काय आणि बोट काय, जाळीला दोन्ही सारखेच. फरक करण्याचे काम सॉफ्टवेअर करते. स्पर्शाचा ठसा मोठा आणि पसरट असेल तर तो तळहात समजायचा. स्पर्श कडेपासून सुरू झाला तर संशय घ्यायचा. नुकतीच एखादी कळ दाबली गेली असेल तर क्षणभर पट्टीकडे दुर्लक्ष करायचे. ही युक्ती बहुतेक वेळा चालते. पण अंगठ्याच्या मुळाची किंवा तळहाताच्या कडेची निमुळती बाजू लागली तर ठसा बोटाएवढाच उमटतो आणि सॉफ्टवेअर फसते. बिल करणारा माणूस मध्येच थांबून कागदावरचा आकडा पाहतो, हेही कारण होते. थांबल्यावर दुर्लक्षाचा क्षण संपून जातो आणि टेकलेला हात किंचित हलला की क्लिक होते.

मोठ्या लॅपटॉपमध्ये उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा असतो. हिशेबाच्या कामाला तो सोयीचा खरा, पण त्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात. काही मॉडेलमध्ये टचपॅड स्पेसबारच्या बरोबर खाली ठेवलेले असते, काहींत ते लॅपटॉपच्या मधोमध असते. मधोमध असेल तर अक्षरे टाइप करताना उजवा तळहात थेट पट्टीवर येतो. दुकानात लॅपटॉप पाहताना दोन्ही तर्जन्या एफ आणि जे या कळांवर ठेवून तळहात कोठे येतात ते पाहावे. विक्रेता मेमरी आणि प्रोसेसर सांगत असतो. हे तो सांगत नाही.

एका स्पर्शाने काय काय बिघडते

एक्सेलमध्ये १२५० लिहिताना १२ नंतर स्पर्श झाला, तर १२ हा आकडा त्या घरात पक्का होतो आणि ५० दुसऱ्या घरात जातो. त्या दुसऱ्या घरात आधी जे होते ते पुसले जाते! दोन घरे बिघडली, आणि दुसरे घर पडद्याच्या कोपऱ्यात असेल तर पत्ताही लागत नाही. सूत्र लिहीत असताना, म्हणजे सुरुवातीला बरोबरची खूण असताना, असे झाले तर ज्या घराला स्पर्श झाला त्याचा पत्ता सूत्रात घुसतो. बेरीज येते, पण चुकीची.

स्पर्श होऊन बोट थोडे घसरले तर मजकूर निवडला जातो. पडद्यावर तो निळा दिसतो. पुढची कळ दाबताच निवडलेला सगळा मजकूर जातो आणि ते एक अक्षर उरते. दोन बोटांसारखा स्पर्श आडवा घसरला तर ब्राउझर मागच्या पानावर जातो आणि अर्धा भरलेला फॉर्म रिकामा होतो. काही संकेतस्थळांवर आकड्याच्या रकान्यात कर्सर असताना वर-खाली सरकवले की आकडाच कमी-जास्त होतो. हा प्रकार सर्वांत वाईट, कारण त्यात काहीच विस्कटलेले दिसत नाही.

मराठी टाइपिंगमध्ये याचे निराळे रूप दिसते. इनस्क्रिप्ट पद्धतीत आधी व्यंजन आणि मग मात्रा किंवा वेलांटी दाबतात. या दोहोंच्या मध्ये कर्सर उडाला तर वेलांटी दुसऱ्याच अक्षराला जाऊन चिकटते, नाहीतर ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटीच लटकते. पालघरमध्ये अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणाऱ्यांनी नावे आणि गट क्रमांक म्हणूनच पुन्हा वाचावेत. उर्दू मजकूर टाइप करणाऱ्यांना आणखी त्रास होतो, कारण अक्षरे उजवीकडून डावीकडे चालतात आणि आकडे डावीकडून उजवीकडे. कर्सर उडून कोठे बसला हे नजरेला लवकर कळत नाही.

कोणत्याही प्रकारात घात झाल्याचे कळताच पहिली गोष्ट म्हणजे हात थांबवून कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबणे. शेवटची कृती मागे जाते. पुढे टाइप करत राहून मग दुरुस्त करायला गेलात तर गुंता वाढतो. मात्र पोर्टलवर पान बदलले असेल तर ही युक्ती चालत नाही.

उपाय

सर्वांत खात्रीचा उपाय बिनपैशाचा आहे. ऑफिसात बहुतेकांकडे वेगळा माउस असतोच. माउस जोडलेला असताना टचपॅड आपोआप बंद राहील अशी व्यवस्था विंडोजमध्ये आहे, पण बहुतेक मशीनवर ती चालू केलेली नसते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडावे, ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ मध्ये जाऊन ‘टचपॅड’ निवडावे. वरच टचपॅड चालू-बंद करण्याचे बटण दिसते. त्याच्या शेजारच्या बाणावर क्लिक केले की ‘लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माउस इज कनेक्टेड’ असे वाक्य येते. त्यापुढची बरोबरची खूण काढून टाकावी. विंडोज १० मध्ये हेच ‘डिव्हाइसेस’ खाली सापडते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा बँकेचे आणि जीएसटीचे काम त्या मशीनवर चालू ठेवणाऱ्यांनी तोही विचार करावा.

एक लहान गंमत इथे होते. बिनतारी माउसचे यूएसबीत बसणारे बोंड लॅपटॉपलाच राहिले आणि माउस घरी विसरला, तर मशीनला माउस जोडलेला आहे असेच वाटते आणि टचपॅड चालत नाही. लॅपटॉप बिघडला म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी ते बोंड काढून पाहावे.

माउस वापरत नसाल तर त्याच पानावर ‘टॅप्स’ हा भाग आहे. ‘टॅप विथ अ सिंगल फिंगर टू सिंगल-क्लिक’ ही खूण काढा. आता नुसत्या स्पर्शाने क्लिक होणार नाही, पट्टी खटकन दाबावी लागेल. तळहाताच्या ओझरत्या स्पर्शाने बाण थोडा हलेल, पण क्लिक झाल्याशिवाय लिहिण्याची जागा बदलत नाही. वरच्या उदाहरणातली चूक एवढ्या एका खुणेने टळली असती. पहिले दोन दिवस अडल्यासारखे वाटते, मग हाताला सवय होते. त्याच भागात ‘टचपॅड सेन्सिटिव्हिटी’ असते. ती ‘लो’ वर ठेवली तर तळहाताचे स्पर्श जास्त गाळले जातात. तीन आणि चार बोटांचे हावभावही खाली बंद करता येतात. बिलाच्या मशीनवर त्यांचा काही उपयोग नाही.

सेटिंग्जमध्ये हे सगळे दिसत नसेल तर मशीनचे टचपॅड जुन्या धर्तीचे आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘माउस’ उघडावे. सिनॅप्टिक्स किंवा एलान नावाचा भाग असतो आणि त्यात ‘पामचेक’ अथवा टाइप करताना टचपॅड बंद ठेवण्याची सोय मिळते. पुष्कळ कीबोर्डांवर वरच्या ओळीत एका कळेवर टचपॅडचे चित्र असते. एफएन कळेसह ती दाबली की पट्टी बंद, पुन्हा दाबली की चालू. अ‍ॅपलच्या मशीनवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘ट्रॅकपॅड’ खाली ‘टॅप टू क्लिक’ बंद करता येते, आणि माउस असताना ट्रॅकपॅडकडे दुर्लक्ष करण्याची सोय ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ मधील ‘पॉइंटर कंट्रोल’ मध्ये आहे.

टॅलीवर काम करणाऱ्यांना तर टचपॅडची गरज जवळजवळ नाहीच. ते सॉफ्टवेअर मुळात कीबोर्डवर चालण्यासाठीच घडवलेले आहे. एंटरने पुढे, बॅकस्पेसने मागे, कंट्रोल आणि ए ने मंजूर. अशा मशीनवर टचपॅड सरळ बंदच ठेवावे.

काही शे रुपयांचा वेगळा कीबोर्ड जोडणे हाही चांगला उपाय आहे. लॅपटॉप मागे, दोन जाड रजिस्टरांवर ठेवायचा आणि कीबोर्ड पुढे. पट्टी हातापासून लांब जाते आणि पडदा डोळ्यांच्या पातळीवर आल्याने मान वाकत नाही, तो फायदा वेगळा. पट्टीवर कागद ठेवण्याची युक्ती काही जण करतात. पातळ कागदातून बोट ओळखले जाते, म्हणून जाड पुठ्ठा लागतो. आणि तो पुठ्ठा काढायला विसरून झाकण लावले तर पडदा तडकू शकतो. स्वस्तातला उपाय महागात पडायचा.

हाताची सवय मात्र ज्याची त्याने लावावी. टाइप करताना मनगट उचललेले, आकडा पाहायला थांबलो की हात कडेला. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंगच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना ही सवय लावणे सोपे आहे. वीस वर्षे हात टेकून काम केलेल्या माणसाने ती बदलायचा हट्ट धरण्यापेक्षा सेटिंग बदललेले बरे.

मंजूर करण्याआधी आणि नंतर

आता बिल तपासण्याची रीत. एकूण रकमेवर विसंबू नये, हे वरच्या उदाहरणात पाहिलेच. वजन किंवा नग आणि दर हे दोन आकडे स्वतंत्रपणे, कागदावरच्या ऑर्डरशी ताडून वाचावेत. मालाच्या वर्णनात ‘४० ड्रम, प्रत्येकी ५० किलो’ असे शब्दांत लिहावे. वजनाचा आकडा चुकला तरी त्याच बिलावर खऱ्या मालाचा पुरावा राहतो. शक्य असेल तिथे टाइप करणारा एक आणि वाचणारा दुसरा असावा. गेटवरच्या माणसाने वजनकाट्याची पावती हातात धरून ई-वे बिल वाचले तरी पुरे. पोर्टलवर ‘सबमिट’ च्या आधी ‘प्रिव्ह्यू’ आहे, तो पाहावा.

कारण एकदा निघालेले ई-वे बिल दुरुस्त करता येत नाही. गाडीचा क्रमांक बदलता येतो. वजन, किंमत, पत्ता बदलत नाहीत. चूक कळली तर २४ तासांच्या आत ते रद्द करून नवे काढावे, आणि वाटेत अधिकाऱ्याने तपासलेले बिल रद्द होत नाही. म्हणून टेम्पो गेटच्या आत असतानाच पाहणी झाली पाहिजे. पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस आहे. तिथेही मुदत २४ तासांचीच. आधी ई-वे बिल रद्द, मग ई-इन्व्हॉइस रद्द, असा क्रम पाळावा लागतो, आणि नव्या बिलाला नवा क्रमांक द्यावा लागतो. जुना क्रमांक पुन्हा चालत नाही. मुदत गेल्यावर वाढीव रक्कम क्रेडिट नोटने कमी करता येते. महिन्याचे जीएसटीआर-१ भरल्यावर चूक सापडली, तर ३-बी भरण्यापूर्वी जीएसटीआर-१ए मधून दुरुस्ती करता येते. ही सोय २०२४ च्या जुलै महिन्याच्या विवरणापासून मिळाली आहे.

बँकेच्या बाबतीत इतकी सवड नाही. खाते क्रमांक पोर्टल बहुधा दोनदा लिहून घेते, रक्कम मात्र एकदाच. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. रविवारी रात्री पाठवलेले पैसेही थांबत नाहीत. पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळवले जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांना खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय द्यावी लागली आहे, तिचा उपयोग करावा. मात्र ती सोय रकमेची चूक पकडत नाही. ज्यांच्या बँकेत एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे अशी व्यवस्था मिळते, त्यांनी ती घ्यावी.

एक्सेलमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांनी सूत्रांची घरे कुलूपबंद करावीत. ‘रिव्ह्यू’ मध्ये ‘प्रोटेक्ट शीट’ आहे. ज्या घरांत रोज आकडे भरायचे तेवढीच आधी मोकळी सोडायची. मग भलत्या ठिकाणी पडलेला आकडा एक्सेल घेतच नाही.

दोष पट्टीचाच असेल तर

वरचे सर्व करूनही, हात लांब असताना कर्सर थरथरत असेल, तर कारण दुसरे आहे. प्रथम चार्जर काढून बॅटरीवर काम करून पाहावे. थरथर थांबली तर चार्जर किंवा अर्थिंगकडे संशय जातो. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या जोडणीत घुसवलेला असला, किंवा गाळ्याचे अर्थिंग नीट नसले, की विजेचा गोंगाट पट्टीपर्यंत पोचतो आणि तिला नसलेली बोटे दिसतात. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे. तो प्रश्न कर्सरपेक्षा मोठा आहे. पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीवर हात घामट असतात. पट्टीवरचा ओलावाही स्पर्शासारखा वागतो, तो कोरड्या सुती कापडाने पुसावा. घड्याळाचा धातूचा पट्टा किंवा बांगडी पट्टीवर घासत असेल तर कामापुरती काढून ठेवावी.

शेवटचे कारण धोक्याचे आहे. टचपॅड एका बाजूने वर आलेले दिसते, दाबताना अडते, किंवा झाकण पूर्वीसारखे बसत नाही, तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. अनेक मॉडेलमध्ये ती नेमकी टचपॅडच्या खाली असते आणि खालून दाब देऊन आपोआप क्लिक करवते. असा लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये, पट्टी दाबून सपाट करण्याचा प्रयत्न करू नये आणि बॅटरी स्वतः उघडू नये. सॉल्व्हंट किंवा सुताच्या गोण्या ठेवलेल्या गाळ्यात तर तो ठेवूच नये. बाहेर मोकळ्या जागी ठेवून त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे पोचवावा, आणि तोपर्यंतची बिले दुसऱ्या मशीनवर करावीत.